जुन्या थिंकपॅडला डॉक शोधताना

शिनोळीतल्या एका कारखान्यात मी ड्रॉइंगचं काम करतो. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. घर शहापुरात, म्हणजे बेळगावात, कर्नाटकात. सकाळी वेंगुर्ला रोडनं हद्द ओलांडायची आणि संध्याकाळी परत यायचं. रात्री जेवण झालं की उद्यमबागेतल्या ओळखीच्या लोकांची कामं घेऊन बसतो. कुणाचं मशिनिंगचं ड्रॉइंग, कुणाचं कास्टिंगचं कोटेशन. दोन्हीकडे लॅपटॉप एकच. लेनोव्होचा थिंकपॅड टी४५०, २०१५ सालचं मॉडेल, पुण्याहून सेकंडहँड घेतलेला.

घरच्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत. एक चोवीस इंची, एचडीएमआयवाला, आणि दुसरा ऑफिसच्या जुन्या सामानातून मिळालेला एकोणीस इंची, जवळजवळ चौकोनी. चौकोनी मॉनिटर आता कुणी घेत नाही, पण उभ्या पीडीएफला त्याच्यासारखा पडदा नाही. मोठ्यावर ड्रॉइंग, लहानावर गिऱ्हाइकाचं मेल आणि मापं. डॉक म्हणजे सगळ्या वायरी कायमच्या लावून ठेवायचा ठोकळा, लॅपटॉप त्याला एकाच जोडानं लागतो. टी४५०ला व्हीजीए आणि मिनी डिस्प्लेपोर्ट अशी दोन सॉकेटं असल्यामुळे दोन मॉनिटर डॉकशिवायही लागतात, नाही असं नाही. त्रास होता तो रोजच्या काढ-घालीचा. चार्जर, दोन मॉनिटर, माउस, कीबोर्ड, लॅन, बॅकअपची हार्ड डिस्क, हे सगळं रात्री जोडायचं आणि सकाळी उपसायचं. व्हीजीएचे दोन स्क्रू फिरवायचा कंटाळा म्हणून ते तसेच ढिले ठेवायचे, मग पडदा मधेच पिवळा व्हायचा. त्यात मिनी डिस्प्लेपोर्टचं सॉकेट मदरबोर्डवरच बसवलेलं असतं. रोजच्या ओढाताणीनं ते खिळखिळं झालं, तर पाच-सातशेच्या वायरीपायी बोर्ड उघडायची पाळी.

‘त्यापेक्षा नवा लॅपटॉपच घे की,’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. घेईनही कधीतरी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा पाचव्या पिढीचा. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, ती घेतली. पुढे विंडोज काढून लिनक्स टाकायचा विचार आहे. पण मशीन धडधाकट आहे, रॅम आणि एसएसडी वाढवलेली आहे, कीबोर्ड तर आजच्या लॅपटॉपांत मिळत नाही असा. तेव्हा खर्च करायचा तो डॉकवर, आणि तोही बेतानं, एवढं ठरवून निघालो.

कॉलेज रोडच्या बाजूच्या एका दुकानात गेलो. मालकानं आतल्या पोराला ‘डॉक ऐतेनु नोडु’ म्हणून कानडीत हाक दिली, म्हणजे डॉक आहे का बघ. पोरानं चकचकीत डबा आणून काउंटरवर ठेवला. टाइप-सीचा हब, दोन एचडीएमआय, लॅन, कार्ड रीडर, चार्जिंग, सगळं त्यात. मी म्हटलं, माझ्या लॅपटॉपला टाइप-सी नाहीच.

‘काका, हे युनिव्हर्सल हाय. हा कन्व्हर्टर लावायचा, कुठल्याबी यूएसबीला चालतंय,’ म्हणत पोरानं नखाएवढा कन्व्हर्टर पुढे केला.

तिथेच लॅपटॉप काढून लावून बघितला. माउस चालला, पेन ड्राइव्ह दिसला, लॅनचा दिवा लागला. मॉनिटर मात्र काळाच. पोरगा वायर बदलून, मॉनिटर बदलून बघत होता. बिचाऱ्याची चूक नव्हती, डब्यावर लिहिलं होतं तेच तो सांगत होता. पण या प्रकारच्या हबमध्ये चित्र तयार होतच नाही. लॅपटॉपनं टाइप-सीच्या सॉकेटातून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल बाहेर सोडायचा आणि हबनं तो एचडीएमआयचा करून पुढे द्यायचा, एवढंच त्याचं काम. याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. टाइप-सीच्या सॉकेटात २४ टोकं असतात, त्यांतल्या वेगवान जोड्या चित्रासाठी वळवता येतात. जुन्या चपट्या यूएसबी ३.०मध्ये टोकं ९. त्यांत वीज आणि डेटा जातो, चित्राचा सिग्नल त्या वाटेवर सोडलेलाच नसतो. कन्व्हर्टर फक्त सॉकेटाचा आकार बदलतो. चार्जिंगचंही तेच. टाइप-सीनं १०० वॉट, नव्या प्रकारात २४० वॉटपर्यंत वीज लॅपटॉपला देता येते, पण यूएसबी ३.०च्या सॉकेटातून वीज फक्त बाहेर जाते, तीही साडेचार वॉट.

हे नव्या लॅपटॉपवाल्यांनीही लक्षात ठेवावं असं आहे, कारण टाइप-सी दिसलं म्हणजे त्यातून चित्र येईलच असंही नाही. काही लॅपटॉपांचं टाइप-सी नुसतं डेटाचं असतं. सॉकेटाशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं, आकाशातल्या विजेसारखं चिन्ह बघावं, नाहीतर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पान वाचावं. दुकानातल्या डब्यावरून ते कळत नाही, कारण डबा हबबद्दल बोलतो, तुमच्या लॅपटॉपबद्दल नाही.

तिथून उठलो तेव्हा निदान एक प्रश्न नीट सुटा झाला होता. डॉक काय काय देतो हे नंतर. आधी आपल्या लॅपटॉपातून चित्र कुठल्या कुठल्या वाटेनं बाहेर येऊ शकतं ते बघायचं.

एक वाट चपट्या यूएसबीतूनच जाते, पण ती वेगळ्या तऱ्हेनं. टिळकवाडीतला माझा एक मित्र बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करतो. त्याच्याकडे डिस्प्लेलिंकच्या चिपवर चालणारा डॉक होता. ‘घेऊन जा की, चार दिवस वापर आणि सांग,’ म्हणाला. यात लॅपटॉपवर एक ड्रायव्हर टाकावा लागतो. तो ड्रायव्हर पडद्यावरचं चित्र सॉफ्टवेअरनं दाबून लहान करतो, साध्या डेटासारखं यूएसबीतून पाठवतो, आणि डॉकमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. दाबायची गरज का, तर हिशोब सरळ आहे. १९२० बाय १०८० टिंबं, प्रत्येकाचे २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं, हे सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट होतं. दोन मॉनिटरचे ६. यूएसबी ३.०चा कागदावरचा वेग ५ गिगाबिट, हाती त्यातले ४ लागतात. न दाबता दोन मॉनिटर बसतच नाहीत.

डॉक लावला आणि दोन्ही मॉनिटर लगेच उजळले. एक्सेल, मेल, टॅली, जीएसटीचं पोर्टल, सगळं व्यवस्थित. ज्याचं काम एवढंच आहे त्यानं पुढचं वाचायचीही गरज नाही, यूएसबी ३.०चं सॉकेट असलेल्या कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपला हा डॉक चालतो, आणि लॅपटॉप बदलला तरी डॉक राहतो. माझं अडलं ते ड्रॉइंगवर. मोठं असेंब्लीचं ड्रॉइंग उघडून झूम करायला लागलं की कर्सर हाताच्या मागे मागे यायचा. थ्रीडी मॉडेल फिरवलं की पंखा सुरू. चित्र दाबायचं काम लॅपटॉपच्याच प्रोसेसरच्या अंगावर पडतं, आणि माझ्या दोन कोअरच्या प्रोसेसरला तेवढा जोर उरत नाही. नव्या, दमदार लॅपटॉपवर हाच डॉक एवढा जाणवला नसता. म्हणजे ज्या जुन्या मशिनांना टाइप-सी नाही म्हणून हा डॉक घ्यावासा वाटतो, त्याच मशिनांना त्याचा भार जास्त होतो.

आणखी एक. ड्रायव्हर विंडोज सुरू झाल्यावर चालू होतो, त्यामुळे त्याआधीचा बायोसचा, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचा, पडदा बाहेरच्या मॉनिटरवर येत नाही. लिनक्सवरही वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की तो पुन्हा जमवून घ्यावा लागतो. मला उद्या लिनक्सकडे जायचंय, तर ही कटकट आत्ताच कशाला मागे लावून घ्या. किंमतही नव्या डॉकची दहा-बारा हजारांच्या पुढे होती. मित्राचा डॉक पुसून-बिसून परत केला.

आता उरली तिसरी वाट, जी माझ्या लॅपटॉपच्या पोटाखाली होती. टी४५० उलटा केला की खालच्या बाजूला एक लांबट खाच दिसते, आत बारीक टोकांची ओळ. एवढी वर्षं ती मी बघत होतो आणि धूळ जाऊ नये म्हणून फुंकर मारत होतो. ही मेकॅनिकल डॉकची जागा. कंपन्यांमध्ये टेबलावर डॉक ठेवलेला असतो, लॅपटॉप वरून दाबला की खट्कन बसतो. यात चित्र यूएसबीतून जात नाही. ग्राफिक्सकडून निघणारा खरा डिस्प्लेपोर्ट सिग्नल, लॅन, यूएसबी आणि वीज एकाच जोडातून डॉकमध्ये उतरतात. ड्रायव्हर लागत नाही, बायोससुद्धा मोठ्या मॉनिटरवर दिसतो, लिनक्सलाही वेगळं काही सांगावं लागत नाही.

अडचण एवढीच की हे डॉक आता नवीन कोण ठेवणार? बेळगावच्या दुकानांत विचारलं तर टाइप-सीच दाखवायचे. मग पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो आयटीत आहे, आणि कंपन्या जुने लॅपटॉप गठ्ठ्यानं काढतात तेव्हा त्यांच्याबरोबर डॉकही निघतात, पण लॅपटॉप विकले जातात आणि डॉक दुकानदाराच्या माळ्यावर पडतात, हे त्याला ठाऊक होतं.

‘मामा, डॉक ढिगानं आहेत. कुठला पाहिजे ते सांगा, नाहीतर दुकानदार देईल तो घेऊन येईन,’ भाचा म्हणाला.

कुठला पाहिजे, इथेच सगळी मेख आहे. डॉकवर ‘थिंकपॅड’ लिहिलेलं असणं पुरत नाही. टी४१०, टी४२०, टी४३०, एक्स२२०, एक्स२३० या पिढीला सीरीज ३ नावाचे डॉक होते, लेबलवर ४३३७ किंवा ४३३८. दिसायला तसेच, रंगही तोच काळा, पण जोड वेगळा आणि अडॅप्टरची पिन गोल. ते टी४४०पासून पुढच्यांना बसत नाहीत. दुसरीकडे थिंकपॅडच्या ई मालिकेला आणि एक्स१ कार्बनच्या काही मॉडेलांना वनलिंक नावाची वेगळीच बाजूची वायर होती. तिच्यापुढे वनलिंक प्लस आली, आणि या दोघींचंही एकमेकींशी जमत नाही. टी४८०पासून तर खालची खाच गेलीच, जोड लॅपटॉपच्या कडेला आला.

माझ्या खाचेला लागणारे डॉक तीन: बेसिक, प्रो आणि अल्ट्रा. लेबलवर अनुक्रमे ४०ए०, ४०ए१ आणि ४०ए२. टी४४०, टी४५०, टी४६०, टी४७०, तसेच एक्स२४० ते एक्स२७० आणि एल मालिकेतले त्या काळातले बरेच लॅपटॉप या तिघांवर बसतात. सेकंडहँडच्या जाहिरातीत मात्र सगळ्यांचं नाव ‘लेनोव्हो डॉकिंग स्टेशन’. किंमतही जवळपास सारखी. भाच्याला सांगितलं, वरचा फोटो नको, डॉक पालथा घालून खालच्या लेबलचा फोटो पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर एकामागून एक काळे डॉक यायला लागले, त्यांत निम्म्याहून जास्त ४३३८.

बेसिकवर मॉनिटरसाठी फक्त व्हीजीए आहे, म्हणजे माझ्या चोवीस इंचीला निरुपयोगी. व्हीजीए हा ॲनालॉग सिग्नल. १०८०वर त्यात बारीक रेषा पुसट होतात, आणि ड्रॉइंगमध्ये बारीक रेषाच वाचायच्या असतात. प्रोवर डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय येतात. अल्ट्रावर दोन डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय, डीव्हीआय आणि व्हीजीए. माझ्या मोठ्याला एचडीएमआय आणि चौकोनीला डीव्हीआय, म्हणून अल्ट्रा हवा होता. प्रोनंही भागलं असतं, डिस्प्लेपोर्टला एचडीएमआयचं कन्व्हर्टर लावून. पण जिथं वायर सरळ लागते तिथं मधे कन्व्हर्टर कशाला?

पाच सॉकेटं आहेत म्हणून पाच मॉनिटर लागतात असं कुणी समजू नये. टी४५०मधलं इंटेलचं ग्राफिक्स एका वेळी तीनच पडदे चालवतं, त्यांतला एक लॅपटॉपचा स्वतःचा. अल्ट्रा डॉकमध्ये लॅपटॉपकडून आलेली डिस्प्लेपोर्टची एकच वाट आत फोडून दोन मॉनिटरना दिली जाते. डिस्प्लेपोर्ट १.२मध्ये ही सोय आली, तिला एमएसटी म्हणतात. या वाटेवर चित्रासाठी सेकंदाला १७ गिगाबिट मिळतात. वरचा ३ गिगाबिटचा हिशोब आठवा, म्हणजे दोन साधे मॉनिटर किती आरामात बसतात ते कळेल, आणि तेही काही न दाबता. (ॲपलवाल्यांसाठी सांगतो: मॅकवर एमएसटीनं दोन वेगळे पडदे मिळत नाहीत, दोन्हीवर एकच चित्र येतं. ‘दोन मॉनिटर चालतात’ असं लिहिलेला टाइप-सीचा स्वस्त डॉक घेऊन बरेच जण इथंच अडकतात.)

यानंतरची गोष्ट अडॅप्टरची. दुकानदार डॉक द्यायला तयार होता, अडॅप्टर नव्हता. सेकंडहँड बाजारात हे नेहमीचंच. अडॅप्टर आधी निघून जातो, कारण तो लॅपटॉपबरोबर खपतो. माझ्या लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. पिन चपटी चौकोनी, अल्ट्रा डॉकचीही तीच. पिन बसते म्हटल्यावर कुणालाही वाटेल की झालं काम. पण अल्ट्रा डॉकबरोबर मुळात ९० वॉट किंवा त्याहून मोठे अडॅप्टर येत. डॉकला लॅपटॉप चालवायचा, बॅटरी भरायची, शिवाय हार्ड डिस्कसारख्या यूएसबीच्या वस्तूंना वीज द्यायची. त्या चपट्या पिनेच्या मधे ओळख पटवणारं एक टोक असतं, त्यावरून समोरच्या मशिनाला अडॅप्टर किती वॉटचा ते समजतं. म्हणून बाजारात चिमटे-पिना लावून मिळणारा ‘सर्वांना चालणारा’ अडॅप्टर नको म्हटलं, आणि २० व्होल्ट, ४.५ अँपिअरचा ९० वॉटचा मूळ अडॅप्टर त्याच भागातल्या दुसऱ्या दुकानातून घ्यायला लावला. डॉकला दोन हजारांच्या आसपास पडले, अडॅप्टरला हजाराच्या वर. टाइप-सीचा तो चकचकीत हब अडीच हजारांचा होता.

पैसे देण्याआधी भाच्याला दोन गोष्टी बघायला सांगितल्या. जोडातली टोकं सरळ रेषेत आहेत का, एखादं वाकलंय का, हे मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात. आणि किल्ली. या डॉकला चोरी होऊ नये म्हणून किल्लीचं कुलूप असतं. किल्ली कुठेतरी हरवलेली आणि कुलूप बंद स्थितीत, असा डॉक गळ्यात पडला तर एकतर लॅपटॉप बसणार नाही किंवा बसलेला निघणार नाही. आमच्या डॉकची किल्ली नव्हतीच, पण कुलूप उघडं होतं, तेव्हा घेतला. दुकानातच एक टी४६० त्यावर बसवून मॉनिटर लावून बघितला. तो दुकानदार चांगला होता, कंटाळला नाही.

पुण्याहून बेळगावला सामान यायचं म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स. भाच्यानं खोक्यात जुने टॉवेल कोंबून पार्सल टाकलं, सकाळी कामावर जाता जाता उचललं. कारखान्यात दिवसभर ते खोकं टेबलाखाली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी उघडून बघितलं आणि प्रत्येकानं आपापला लॅपटॉप पालथा घालून खाच आहे का ते तपासलं. एकाला सापडली. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

बसवताना एक बारीक काम असतं. डॉकवर प्लास्टिकचा एक सरकता भाग आहे, आपल्या लॅपटॉपच्या मापाप्रमाणे तो सरकवून जागेवर आणायचा. एक्स मालिकेची मशिनं लहान, टी मालिकेची मोठी, पण डॉक एकच, म्हणून ही सोय. तो चुकीच्या जागी असेल तर लॅपटॉप जोडावर तिरका उतरतो, आणि मग माणूस जोर लावतो. तसं करू नये. नीट जुळलं की फार दाबावं लागत नाही.

लावल्याबरोबर लॅन आणि यूएसबी सुरू. चोवीस इंची एचडीएमआयनं लगेच दिसला. चौकोनी मॉनिटरला मागे व्हीजीए आणि डीव्हीआय दोन्ही आहेत, पण वायर माझ्याकडे व्हीजीएचीच होती. घरात डीव्हीआयला लावायचं व्हीजीएचं जुनं कन्व्हर्टर पडलेलं, ते डॉकच्या डीव्हीआयमध्ये शिरेना. डॉकचं सॉकेट डीव्हीआय-डी, म्हणजे फक्त डिजिटल. कन्व्हर्टरला ॲनालॉगसाठीच्या चार जास्तीच्या पिना असतात, त्यांना डीव्हीआय-डीमध्ये भोकंच नाहीत. खडेबाजारात डीव्हीआयची जुनी वायर शे-सव्वाशेत मिळाली. डिजिटल झाल्यावर त्या चौकोनी मॉनिटरवरची अक्षरं अशी काही स्वच्छ झाली की इतकी वर्षं त्याला मी म्हातारा समजत होतो ते उगाचच.

सेटिंगचं फार काही नव्हतं. पॉवर ऑप्शनमध्ये झाकण बंद केल्यावर काय करायचं ते ‘चार्जिंगवर असताना काही करू नको’ असं ठेवलं, म्हणजे लॅपटॉप मिटून दोन मॉनिटरवर काम होतं. इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर आणि लेनोव्होच्या साइटवरचा टी४५०चा शेवटचा बायोस टाकून घेतला. अडॅप्टर आणि दोन्ही मॉनिटर यूपीएसच्या पट्टीवर आहेत, कारण पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते-येते, आणि लॅपटॉपला बॅटरी असली तरी बॅकअपच्या हार्ड डिस्कला नसते. सकाळी निघताना सोडवायचं बटण दाबायचं, लॅपटॉप उचलायचा. त्याआधी हार्ड डिस्क मात्र नेहमीसारखी सॉफ्टवेअरमधून काढून घ्यायला लागते, ती सवय डॉकमुळे सोडू नये.

मोठ्या ड्रॉइंगवर कर्सर आता हाताबरोबर चालतो. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स तेच. चित्र दाबायचं काम तेवढं गेलं.

आता कारखान्यातल्या त्या मित्राचं. त्याच्याकडे डेलचा लॅटिट्यूड ई७४५०. डेलच्या ई मालिकेला खाली ई-पोर्ट नावाचा डॉक लागतो, आणि ई६४१०सारख्या जुन्या मशिनांपासून २०१६च्या ई७४७०पर्यंत तो जोड चालत आला. २०१७च्या ७४८०पासून गेला. ई-पोर्टमध्ये साधा आणि प्लस असे प्रकार आहेत. साध्यावर डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट एक-एक, प्लसवर दोन-दोन. लेबलवर साध्याला पीआर०३एक्स आणि प्लसला पीआर०२एक्स लिहिलेलं सापडतं. त्याला प्लस मिळाला, पण त्याबरोबर आलेला अडॅप्टर नकली निघाला. डेलच्या अडॅप्टरच्या मधल्या बारीक पिनेतून ओळख दिली जाते. ती पटली नाही की अडॅप्टरचा प्रकार कळत नाही असा संदेश पडद्यावर येतो, बॅटरी भरत नाही आणि मशीन मुद्दाम हळू चालतं. डॉक शाबूत, नाव मात्र डॉकचं खराब. दुसरा अडॅप्टर लावल्यावर सुरळीत झालं.

घरात सौ.चा लॅपटॉप एचपीचा, एलिटबुक ८४० जी३. दोन दुकानांचं टॅली ती घरून बघते. डॉक बघून ती म्हणाली, ‘अहो, तुमचं झालं, आता माझ्या वायरींचं बघा.’ त्याचा जोड कडेला आहे, त्याला अल्ट्रास्लिम डॉक लागतो. ८२०, ८४० आणि ८५०च्या जी१ ते जी४ला तोच चालतो, मागे दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक व्हीजीए. पण तिच्या मशिनाला टाइप-सीही आहे, आणि त्यातून चित्र निघतं. काम सगळं टॅलीचं आणि पोर्टलचं, मॉनिटर एकच. तिला टाइप-सीचा साधा हब पुरेल, असं मला वाटतं. उद्या लॅपटॉप बदलला तरी तो उपयोगी पडेल. तिला मात्र माझ्यासारखा खट्कन बसणाराच पाहिजे आहे, आणि भाच्याला लेबलचे फोटो पाठवायला सांगून झालंय.